फर्म्याफर्म्याने आलेला खून

ता. ३ फेब्रुवारी

वन्सं,

साष्टांग वगैरे घालत नाही, गुडघे ऐकत नाहीत. उभ्यानेच नमस्कार घ्या.

पाकीट पोचलं. मला वाटलं अख्खं पुस्तक पाठवलंत. फोडून बघते तर सोळाच पानं! म्हटलं बाकीची उंदरांनी खाल्ली की काय. मग आतली चिठ्ठी सापडली. म्हणे पुस्तकाचा दोरा उसवलाय, सोळा-सोळा पानांचे आठ फर्मे सुटे केलेत. एकेक फर्मा आधी तुम्ही वाचणार, मग मी, मी तो परत करायचा, आणि आठही जमले की तुम्ही पुन्हा शिवून बांधणार. का, तर वहिनीला शेवटचं पान आधी वाचता येऊ नये.

एवढा राग? मागच्या पुस्तकाचा शेवट मी आधी वाचला हे खरं. खुनी कोण ते तुम्हाला उघड्या कार्डावर कळवलं हेही खरं. पण त्याला आता वर्ष झालं. आणि त्या कार्डाने खरं नुकसान झालं आमच्या पोस्टमनचं. तोही तेच पुस्तक वाचत होता बिचारा. अजून माझ्याशी धड बोलत नाही, टपाल लांबूनच भिरकावतो.

बायंडर नणंद असली की असं होतं. दुसऱ्यांच्या नणंदा नुसतं बोलून उसवतात, तुम्ही पुस्तकंच उसवता.

पण वन्सं, पुस्तक काय झकास निवडलंत! नायिका चक्क इस्त्रीवाली! तीस वर्षं लाँड्री चालवतेय, त्यातली सात एकटीने, पण आमच्या धंद्यावर कुणी चार ओळी लिहिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. आणि ही लेखिका खरोखर इस्त्रीपुढे उभी राहिलेली आहे हां. ओलसर सुती कापडावर इस्त्री फिरली की जो वास येतो, तो तिने लिहिलाय. कॉलर टोकाकडून मधे दाबायची हेही तिला माहीत आहे. तुमच्या दादांना शेवटपर्यंत जमलं नाही ते.

आणि खून! घरमालक जिन्याखाली मरून पडलाय, पण काय व्यवस्थित मेलाय. रक्ताचा थेंब नाही, सतरंजी चुरगळलेली नाही, आणि शेजारणी चहा पिता पिता विचार करतायत की कुणी बरं मारलं असेल. मला असा सभ्य खून फार आवडतो.

ही इस्त्रीवाली गरम कपड्यावर तळवा ठेवते आणि तिला दिसतं, कपडा कुठं जाऊन आला, घालणारा काय लपवतोय. मीही करून बघितलं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा कोट घेतला, तळवा ठेवला, डोळे मिटले. चटका बसला, दिसलं काही नाही. मग खिसे तपासले तर सिनेमाची दोन तिकिटं. बायको तर महिनाभर माहेरी! म्हणजे दृष्टांत होतो वन्सं, फक्त तो खिशात असतो.

पहिला फर्मा परत पाठवतेय. दुसरा लगेच धाडा. घरमालकाच्या शर्टाचं तिसरं बटण कुठं गेलं, या विचाराने मी काल एका गिऱ्हाइकाच्या पँटला चार घड्या पाडल्या.

तुमची,
वहिनी


ता. ११ फेब्रुवारी

वहिनी,

फर्मा मिळाला. कोपरा दुमडलेला नाही, बोटांचे ठसे नाहीत. तुझी तब्येत बरी आहे ना?

दुसरा आणि तिसरा पाठवते. वाचताना चहाचा कप हातभर लांब ठेव. पुस्तकावर डाग दिसला तर नणंद काय चीज असते ते या वयात दाखवीन.

मला तुझी ती इस्त्रीवाली लबाड वाटते. दिव्यदृष्टी वगैरे काही नाही तिच्याकडे. दुसऱ्या फर्म्यात नीट बघ, हात ठेवायच्या आधी ती प्रत्येक वेळी शिवण उलटून बघते. पण लेखिका हुशार आहे. ते वाक्य अशा जागी टाकलंय की वाचणारा त्याच्यावरून घसरून जावा. मी दोनदा वाचलं आणि मनातल्या मनात तिला सलाम केला.

इथे कारखान्यात काम आलंय. वाचनालयाची तीनशे पुस्तकं, पाठ तुटलेली, पानं सुटलेली, सगळी पंधरा जूनपर्यंत बांधून द्यायची. लेक म्हणते, आई, आता पुरे, कुलूप लाव आणि माझ्याकडे ये. तिच्याशी करार झालाय. ही तीनशे वेळेवर आणि नीट गेली तर ती पुन्हा कुलपाचं नाव काढणार नाही. एक जरी परत आलं तर मी स्वतः किल्ली तिच्या हातात देणार.

वहिनी, तिच्या घरी मला काही कमी पडणार नाही. पण सकाळी उठून हातात सुई-दोरा नसेल तर मी करायचं काय? गॅलरीतल्या कुंड्या मोजू?

तुझं ते भलंमोठं अक्षर तसंच आहे. एका पानावर दहा ओळी. मास्तरांनी फळ्यावर लिहायला शिकवलं आणि तू कागदावर आलीच नाहीस. असू दे. तसंच लिही.

तुझी,
वन्सं


ता. १ मार्च

वन्सं,

काय समजता हो स्वतःला?

तिसरा फर्मा संपला तेव्हा इस्त्रीवाली घड्याळजीचा रुमाल हातात घेऊन उभी होती. तळवा टेकणार, एवढ्यात पान संपलं. आठ दिवस मी तिच्यासारखीच हात वर धरून उभी. परवा पुढचं पाकीट आलं. उघडते तर माळी तुरुंगात! कधी गेला? का गेला? रुमालाचं काय झालं? घड्याळजी रडतोय कशाला? मला वाटलं म्हातारपणी माझाच एक टाका सैल झाला. शेवटी पानांचे आकडे बघितले. अठ्ठेचाळीसनंतर एकदम पासष्ट! चौथ्याऐवजी पाचवा फर्मा पाठवलात!

चाळीस वर्षं फर्मे लावणारी बाई क्रम चुकवत नाही, एवढं मला कळतं. म्हणजे हे मुद्दाम केलंत. त्या उघड्या कार्डाचा सूड. शाब्बास! माझ्या संगतीत इतकी वर्षं काढलीत त्याचं चीज झालं.

पण खरं सांगू? उलटं वाचूनही मजा आली. पुढचं आधी कळलं तरी पुस्तक फिकं पडलं नाही. या बाईचं खरं कसब खुनी कोण ते लपवण्यात नाहीच मुळी. ती माणसं अशी उभी करते की माळी तुरुंगात गेला तर त्याच्या झाडांना पाणी कोण घालणार, याची मला काळजी लागली. पोस्टमनला सांगितलं, तर तो पायरीवर बसलाच. आता तो रोज विचारतो, 'आला का चौथा?' आमचं बोलणं सुरू झालं, ही तुमच्या सुडाची कृपा.

काम कुठवर आलं? तीनशेतली किती झाली?

तुमची,
वहिनी


ता. ९ मार्च

वहिनी,

हो, मुद्दामच केलं. कशी जिरवली!

चौथा पाठवतेय, सोबत सहावाही. मला पुस्तक फारच आवडतंय. तो सुती कापडाचा वास काय सुंदर लिहिलाय. आणि माळी तुरुंगात गेल्यावर त्याच्या झाडांना पाणी कोण घालणार, याचीच मलाही काळजी लागून राहिली.

पुस्तकं बरीच झालीत. म्हणजे सत्तर. जरा सावकाश करतेय, घाईत टाके वाकडे पडतात.

हल्ली संध्याकाळी लवकर आवरते. बाकी सगळं ठीक.

तुझी,
वन्सं


ता. १७ मार्च

वन्सं,

चौथा वाचला. सहावाही वाचला. रुमालावर हात ठेवून इस्त्रीवालीने घड्याळजीला जे सांगितलं ते वाचून मी इस्त्री बंद करून पाच मिनिटं खुर्चीत बसले. 'तुम्ही काही केलेलं नाही, तुम्ही फक्त पाहिलंय,' असं म्हणते ती त्याला. आणि तो एवढा म्हातारा माणूस तिच्यासमोर लहान होतो. खुनाच्या पुस्तकात असं कुणी लिहितं का हो? मी तर हसायला बसले होते.

सहावा फर्मा या पाकिटात परत पाठवलाय. पानं नीट उलटून बघा. तुमची सवय मला ठाऊक आहे, परत आलेलं पान उजेडात धरल्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही. काही खटकलं तर लगेच कळवा, मी शिव्या खायला तयार आहे.

सातवा पाठवा. पोस्टमनने पैज लावलीय, खुनी पुस्तकातला डॉक्टर. मी म्हणते घरमालकाची भाचीबाई. तुमचा संशय कुणावर?

तुमची,
वहिनी


ता. २४ मार्च

वहिनी,

सहावा मिळाला. पान न पान बघितलं. एकही डाग नाही, कोपरा नाही. सुधारलीस गं.

सातवा पाठवते. संशय कुणावर म्हणशील तर सगळ्यांवरच. आठवा थोडे दिवस माझ्याकडे राहू दे, सवडीने वाचीन. हल्ली कामच फार असतं.

तुझी,
वन्सं


ता. २८ मार्च

वन्सं,

आज एका पानावर आठच ओळी लिहितेय, अक्षर आणखी मोठं काढलंय. कागद माझा आहे, ओरडू नका. खिडकीपाशी जा आणि सावकाश वाचा.

काल तुमचं पत्र इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं, त्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. या वेळी चटका बसला नाही. लख्ख दिसलं. तुम्ही खिडकीत बसलाय, पान नाकाला लावलंय, तरी अक्षरं पुसट. सुईत दोरा ओवायला पाच-सहा वेळा हात चुकतोय. सहावा, सातवा, आठवा फर्मा तुम्ही वाचलेलाच नाही. बहुतेक चौथा-पाचवाही नाही. आणि हे लेकीला माहीत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरला माहीत आहे, आणि त्या डॉक्टरने जे सांगितलं ते ऐकून तुम्ही गुपचूप घरी आलात.

चुकलं असेल तर सांगा, मी दिव्यदृष्टीचा धंदा सोडते.

कसं कळलं? दोन पुरावे सांगते. चाळीस वर्षांत न चुकलेला क्रम चुकला. आणि हल्ली पुस्तकाबद्दल तुम्ही तेवढंच लिहिता जेवढं मी आधी लिहिलेलं असतं, त्याच शब्दांत. वन्सं, जन्मात तुम्ही माझ्याशी कधी सहमत झाला नाहीत. लागोपाठ दोनदा झालात तेव्हाच मला धडकी भरली. तिसरा पुरावा आहे, पण तो तुमच्याच घरात आहे. बऱ्या झालात की आपोआप सापडेल.

आता चेष्टा बाजूला ठेवते, फार वेळ ठेवता येणार नाही, म्हणून पटकन सांगते.

तुमचे दादा शेवटच्या वर्षी बुटाची नाडी बांधायला दुकानाच्या पायरीवर बसायचे. एकदा नाही, दिवसातून चारदा. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले की नाडी सुटलेली. मी म्हणायचे, 'अहो, शाळेत घालू का तुम्हाला, नाडी बांधायला शिकवतील.' हसायचे. गिऱ्हाइकंही हसायची. नाडी सुटलेली नसायची हो. ते श्वास घेत बसायचे. माझ्या समोर, माझ्या पायरीवर, आणि मी तीनशे दिवस विनोद करत राहिले.

मी त्यांना मेल्यावर कधी रागावले नाही. स्वतःला रोज रागावते. म्हणून तुमची नाडी मी सुटू देणार नाही.

डोळ्याचं जे काय करायचं ते पुढच्या आठवड्यात करून टाका. कुलपाला घाबरत असाल तर ऐका. लाँड्रीवर पाटी लावतेय, दोन महिने बंद. गल्लीतला डॉक्टर चुरगळलेला कोट घालून फिरू दे, नाहीतरी त्याच्या बायकोला सगळं कळलंय. मी येतेय. आयुष्यभर बटणं लावली, काज विणले, माझा टाका तुमच्या टाक्यापेक्षा बारीक आहे हे तुमची आईसुद्धा म्हणायची, आणि त्या माउलीने माझं कौतुक दुसरं कसलंच केलं नाही. तुम्ही हाताने चाचपून सांगायचं, मी शिवायचं. तीनशेतलं एक पुस्तक परत येणार नाही.

लेकीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण सांगायचं.

आठव्या फर्म्याला हात लावू नका. तो मी वाचून दाखवणार.

तुमची,
वहिनी


ता. २ एप्रिल

वहिनी,

दोन दिवस तुझ्यावर इतका राग आला की पत्र दोनदा फाडलं. मग चिकटवलं. बायंडर आहे म्हणून बरं.

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, उजवा पार पिकलाय. डॉक्टर जानेवारीतच म्हणाले, आणखी लांबवलंत तर मला खात्री देता येणार नाही. मी तीनशे पुस्तकं होईपर्यंत थांबायचं ठरवलं. फर्मे टेबलावरून खाली पडले होते. आकडे वाचता येईनात, म्हणून कागदाच्या स्पर्शावरून लावले आणि चुकले. ते तू सूड समजलीस तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही. तुला वेडी समजत होते तेवढी तू नाहीस.

पुस्तक मी तिसऱ्या फर्म्यापर्यंतच वाचलंय. पण तू पत्रातून सांगायचीस, त्यात ते मला दिसायचं. माळीसुद्धा.

दादा पायरीवर का बसायचा ते मलाही कळलं नव्हतं. मी सख्खी बहीण. तू एकटीने घेऊ नकोस ते सगळं.

लेकीला काल सांगितलं. रडली, भांडली, मग माझ्यासाठी सूप करत बसली. अकरा तारखेला उजवा डोळा. करार मात्र तसाच ठेवलाय तिने. तुझीच भाची ती.

ये. येताना जाड सुया आण, माझ्या सगळ्या कुठं पडल्यात ते आता पायाला लागल्याशिवाय कळायचं नाही.

तुझी,
वन्सं


ता. १६ जून

वहिनी,

तू जाऊन आठवडा झाला. घर गप्प आहे. पहिले दोन दिवस बरं वाटलं.

डावा डोळाही आता स्वच्छ आहे. मला भिंतीवरचे पोपडे दिसतात, माझ्या हातावरच्या सुरकुत्या दिसतात, आणि तुझ्या डोक्यावर एवढे पांढरे केस आहेत हे जाताना दिसलं. आधी सांगायचंस ना, मी रंग पाठवला असता.

वाचनालयाचे ग्रंथपाल काल येऊन गेले. तीनशेच्या तीनशे ठेवून घेतली. एक मात्र बाजूला काढून म्हणाले, 'बाई, याचं कव्हर उलटं आहे.' बघितलं तर खरंच, तुझं! माझ्या डोळ्यावर पट्टी होती तेव्हाचं. मी पटकन लेकीकडे बघितलं, ती शेजारीच उभी होती. पण ते हसले. म्हणाले, 'राहू दे, शिवण इतकी सुंदर आहे की उसवायला जीव होत नाही. उलटं धरून वाचतील.'  लेक जाताना कारखान्याची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेली. तिने ती आधीच उचलून घेतली होती, मला न सांगता!

आता आपल्या पुस्तकाचं. काल आठही फर्मे एकत्र केले. शेवटच्या फर्म्यात, इस्त्रीवाली आपल्या मांजरीपाशी कबूल करते ते पान पुन्हा वाचलं. मला कधीच काही दिसलं नाही, म्हणते ती, मी फक्त नीट बघते. पण 'मी तुम्हाला बघितलं' म्हटलं की माणसं शरमतात, आणि 'मला दृष्टांत झाला' म्हटलं की मोकळी होतात. मी पहिल्यापासून सांगत होते की बाई लबाड आहे. पण अशी लबाडी लिहायला किती मोठं मन लागत असेल त्या लेखिकेला. तू मला ते वाचून दाखवताना मधेच थांबलीस आणि घसा खाकरलास. डोळ्यावर पट्टी होती, कान नव्हते बांधलेले.

मग शिवायला घेण्याआधी सवयीने एकेक पान उजेडात धरलं.

सहावा फर्मा, पान एकोणनव्वद.

वहिनी, हा कपाचा गोल डाग कुणी पाडला? चहा आहे, दुधाचा आहे, आणि कप दोनदा टेकवलाय, कारण एक वर्तुळ दुसऱ्यावर चढलंय! आणि समासात पेन्सिलीने 'वन्सं म्हणजे म्हैस' असं कुणी लिहिलंय? एवढ्या बारीक अक्षरात? तुला बारीक लिहिता येतं?! तीस वर्षं कागदाची नासाडी केलीस ती मग कशासाठी? तुला लाज नाही, शरम नाही, पुस्तकाची किंमत नाही! दादाने तुझ्यात काय बघितलं देव जाणे! समोर असतीस तर त्याच कपाने तुझं कपाळ शेकलं असतं!

म्हणजे हा तिसरा पुरावा.

डाग काढता येतो, मला औषध माहीत आहे. काढला नाही. तसंच बांधलंय. लाल कापडी पाठ, सोनेरी अक्षरं. उद्या तुला पाठवते. आता खुशाल शेवटचं पान आधी वाच.

तुझी,
वन्सं

(म्हैस नव्हे)


पोस्टकार्ड, ता. २१ जून

वन्सं,

डाग? कसला डाग? मी पान एकोणनव्वद चारी बाजूंनी बघितलं. मला तर काहीच दिसत नाही बाई.

तुमच्या शिव्या पोस्टमनला वाचून दाखवल्या. शेवटपर्यंत उभं राहून ऐकल्या त्याने. म्हणाला, 'छान. दोन्ही डोळे उत्तम आलेत.'

तुमची,
वहिनी